पडण्याची मुभा

मराठी भाषेने खेळावर मोठा अन्याय केला आहे. एखादी गोष्ट क्षुद्र ठरवायची असली की आपण तिला पोरखेळ म्हणतो. एखाद्या कामाचा विचका झाला की त्याचा खेळखंडोबा होतो. वर्गात दोन मुले जरा मोकळेपणाने हसली की मास्तर टेबलावर डस्टर आपटून विचारतात, "काय खेळ मांडलाय?" मौज अशी, की हे सारे विश्व कसे निर्माण झाले असे कोणी विचारले, तर हीच भाषा बोलणारे आपण हात जोडून सांगतो, ती परमेश्वराची लीला! लीला म्हणजे तरी दुसरे काय? देवाने मांडला तर तो खेळ पूज्य, आणि पोराने मांडला तर ती उनाडकी.

या वादात मला ओढले ते आमच्या भाचेबुवांनी. वय अठरा. ताईचा हा धाकटा मुलगा इंजिनिअरिंगच्या पदविकेसाठी आमच्याकडे साताऱ्याला राहतो. जगातल्या तीन गोष्टींविषयी त्याची मते अत्यंत ठाम आहेत : कॉम्प्युटरवरचे खेळ, विज्ञान आणि अंतराळप्रवास. बाकीच्या गोष्टींविषयी, उदाहरणार्थ स्वतःचा ओला टॉवेल कुठे वाळत घालावा याविषयी, त्याला मतच नाही. सिनेमात अवकाशयानाचा स्फोट होऊन धडाड् असा आवाज झाला की तो कपाळाला हात लावतो. जिथे हवाच नाही तिथे आवाज कुठून येणार, असा त्याचा सवाल. माणसाने मंगळावर जाण्याची घाई करू नये, आधी यंत्रे पाठवावीत, कारण यंत्राला घरी परत आणावे लागत नाही, हे त्याचे दुसरे मत. आणि १९७७ साली निघालेली दोन व्हॉयेजर याने अजूनही सूर्यापासून दूर दूर चालली आहेत, इतक्या निष्ठेने वाट चालणारा एक तरी कारकून मला दाखवून दे, हे तिसरे.

विज्ञानाशी माझा परिचय मॅट्रिकपाशी थांबला. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, आणि शाळेत सहावी-सातवीच्या मुलांना मराठी शिकवतो. तेव्हा जेवताना तो बोलतो आणि मी ऐकतो, अशी आमच्यात कामाची विभागणी झालेली आहे.

यंदा उन्हाळ्यात निकाल लागला आणि भाचेबुवा गणितात नापास झाले. त्याच संध्याकाळी विट्याहून ताईचा फोन आला. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरे वाटले असते. तिने एवढेच विचारले, "तो रात्री किती वाजेपर्यंत त्या यंत्रासमोर बसतो रे?" मग दाजींनी फोन घेतला. उसाच्या बिलातून घेतलेला तो कॉम्प्युटर विकून टाकायचा, असा त्यांचा विचार होता. पण दाजी न्यायी गृहस्थ आहेत. "तुम्ही मास्तर आहात. आठ दिवस बघा आणि मग तुम्हीच सांगा," असे म्हणून त्यांनी निवाडा माझ्यावर सोपवला.

न्यायाधीशाने पुरावा पाहिला पाहिजे. म्हणून आठ रात्री मी भाचेबुवांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो.

तो जो खेळ खेळतो त्याचे नाव कर्बल स्पेस प्रोग्राम. २०११ साली तो मेक्सिकोत प्रथम बाहेर पडला आणि २०१५ साली पूर्ण झाला. त्याचा कर्ता फेलिपे फालांगे. दिवाळीच्या अंकात हे सांगायलाच हवे, की पोरवयात हा गृहस्थ दारूकामाच्या बाणांवर धातूची इवलीशी बाहुली बसवून ती आकाशात सोडीत असे. त्या बाहुल्यांना त्याने ठेवलेले नाव कर्बल. बाटलीत बाण उभा करून वात पेटवणारी आणि कानात बोटे घालून पळणारी आपल्या वाड्यातली पोरे आणि हा फालांगे यांत मला तरी फारसे अंतर दिसत नाही.

या खेळात शत्रू नाही, बंदूक नाही. टाक्या, इंजिने, पंख असे सुटे भाग मिळतात. ते जोडून अग्निबाण उभारायचा आणि हिरव्या रंगाच्या चिमुकल्या माणसांना अंतराळात पाठवायचे. शत्रू म्हणायचाच तर गुरुत्वाकर्षण. पहिल्या रात्री भाचेबुवांचे यान सात वेळा कोसळले. दर वेळी तो वहीत काहीतरी टिपी, एखादी टाकी कमी करी, एखादा पंख खाली सरकवी, आणि पुन्हा वात लावी. त्याच्या चेहऱ्यावर खंत नव्हती. सातव्यांदा पडल्यावर तर तो खुशीत म्हणाला, "मामा, आता कळलं!" गणिताच्या पेपरापाशी हाच मुलगा दगडासारखा बसतो, असे त्याच्या शिक्षकांनी मला सांगितले होते.

तिसऱ्या रात्री त्याने एक चमत्कार दाखवला. पृथ्वीभोवती एक यान पुढे फिरते आहे आणि दुसरे त्याच्या मागून. मागच्याने पुढच्याला कसे गाठावे? मी म्हटले, वेग वाढवावा. आपल्या एस. टी.चा ड्रायव्हर दुसरे काय करतो? तो हसला. वेग वाढवला की यान वरच्या, मोठ्या कक्षेत चढते. तिथला फेरा लांबचा आणि चाल मंद, म्हणून ते उलट मागे पडते. पुढच्याला गाठायचे तर आधी वेग कमी करावा लागतो. मग यान खालच्या कक्षेत उतरते. तिथला फेरा लहान आणि चाल जलद, म्हणून ते पुढच्याजवळ सरकत जाते. "म्हणजे बघ मामा, पुढच्याला गाठायचं तर आधी थोडं खाली यायचं." हे वाक्य एखाद्या कीर्तनकाराच्या तोंडी सहज खपून गेले असते.

ही गोष्ट भल्याभल्यांना चकवून गेलेली आहे. १९६५ च्या जूनमध्ये जेमिनी ४ या यानातून गेलेला जेम्स मॅकडिव्हिट हा कसलेला वैमानिक. आपल्याच अग्निबाणाच्या सुट्या झालेल्या भागाजवळ जाण्याचा त्याने प्रयत्न केला. तो यान त्या दिशेने रेटू लागला, आणि तो भाग दूर जाऊ लागला. इंधन खर्ची पडले आणि बेत सोडून द्यावा लागला. जे कोड्यासारखे त्याच्यापुढे आकाशात उभे राहिले, ते साताऱ्याच्या एका खोलीत अठरा वर्षांच्या मुलाच्या बोटांत बसले आहे. कारण त्या मुलाला चुकण्याचा खर्च नव्हता.

खेळ आणि अंतराळ यांचे हे नाते आजचे नव्हे. १९६२ साली अमेरिकेतल्या एम. आय. टी. या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी एका यंत्रावर 'स्पेसवॉर' हा खेळ बसवला. मध्ये एक तारा, त्याचे ओढणारे गुरुत्वाकर्षण आणि त्याभोवती झुंजणारी दोन याने. माणूस चंद्रावर उतरला त्या १९६९ सालीच जिम स्टोरर नावाच्या शाळकरी पोराने चंद्रावर उतरण्याचा खेळ लिहिला. त्यात चित्रे नव्हती, नुसते आकडे. दर दहा सेकंदांचे इंधन किती जाळायचे ते सांगायचे, आणि वाचलो की आपटलो ते कागदावर वाचायचे. आणि १९७० च्या ९ जूनला सोयुझ ९ मधल्या निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह या रशियन वीरांनी पृथ्वीवरच्या मंडळींशी बुद्धिबळाचा डाव मांडला. सोंगट्या तरंगू नयेत म्हणून खास पट तयार केला होता. डाव बरोबरीत सुटला.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती दुसरीच गोष्ट. अपोलो ११ चंद्रावर उतरण्याच्या पंधरवडाभर आधी ह्यूस्टनच्या नियंत्रणकक्षात उतरण्याची तालीम चालली होती. तालीम घेणाऱ्यांनी मुद्दाम खोडी काढली. यानातल्या कॉम्प्युटरने १२०१ या आकड्याचा इशारा दिला. त्याचा अर्थ कोणाला चटकन लागेना. सव्वीस वर्षांच्या स्टीव्ह बेल्सने सांगितले, उतरणे रद्द करा. तालीम संपल्यावर उघड झाले, की रद्द करण्याची गरज नव्हती. उड्डाणप्रमुख जीन क्रान्झ यांनी मग अशा प्रत्येक इशाऱ्याचा छडा लावायला सांगितले, आणि चोवीस वर्षांच्या जॅक गार्मनने सगळ्या इशाऱ्यांची यादी हाताने लिहून काढली. २० जुलैला खरे यान खऱ्या चंद्राकडे उतरत असताना खरा इशारा झाला : १२०२. गार्मनने यादी पाहिली, बेल्सने निर्णय दिला, आणि यान उतरत राहिले. खेळात पडले नसते तर चंद्रावरून हात हलवीत परत यावे लागले असते.

आणि आपण? आपल्या शास्त्रज्ञांनीही भातुकली मांडलीच. चांद्रयान २ च्या तयारीसाठी तामिळनाडूतल्या सेलमकडची, चंद्राच्या मातीशी जुळणारी माती त्यांनी आणली. कर्नाटकात चळ्ळकेरेजवळ जमिनीत खोटी विवरे खणली. लग्नातल्या बाहुला-बाहुलीसाठी मांडव घालावा तसा खोटा चंद्र त्यांनी घातला. तरीही ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे, चंद्रापासून २.१ किलोमीटरवर, विक्रमशी संपर्क तुटला. तो दिवस आठवतो ना? आपल्या घरात कोणी वारले असावे तसे लोक बोलत होते.

पण त्यानंतर जे झाले ते मला यशापेक्षाही मोठे वाटते. काय काय बिघडू शकेल ते आधी धरून यानाची रचना करायची, असे ठरले. इस्रोचे त्या वेळचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी ते उघडपणे सांगितले. पाय बळकट केले. इंधन वाढवले. पाच इंजिनांची चार केली. आधी उतरण्याची जागा अर्धा किलोमीटर लांब-रुंद होती, ती ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद ठेवली. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान ३ उतरले. त्या उतरण्यात आधीच्या पडण्याचे श्रम होते.

आता ताईची बाजू. ती खोटी नाही. सगळेच खेळ असे नसतात. पैसे लावायला सांगणाऱ्या खेळांनी किती घरांची राखरांगोळी केली हे आपण पाहिले; २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेला त्यांवर बंदीचा कायदा करावा लागला. त्या खेळात पडणे फुकट नसते, आणि पडलेल्याला शिकूही दिले जात नाही. शिवाय चांगला खेळ झाला तरी तो झोप खातोच. आणि मुख्य म्हणजे खेळाने भाचेबुवांना कक्षा दाखवली, समीकरण सोडवून दिले नाही. अंदाजाने यान चढवता येते. पेपर अंदाजाने सुटत नाही.

येथे माझ्या मदतीला एक जुना मास्तर आला. अग्निबाणाला किती इंधन लागेल हे सांगणारे समीकरण १९०३ साली प्रसिद्ध करणारा कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की हा रशियातल्या कलुगा गावचा शाळामास्तर. लहानपणी आजाराने ऐकू येईनासे झाले, त्यामुळे शाळा सुटली. ग्रंथालयात बसून तो स्वतःच शिकला. आणि त्याने अंतराळप्रवासावर कादंबरीही लिहिली! मास्तर, कादंबरीकार, आणि पदवीचे नाव नाही. वाचकहो, माझी कॉलर जराशी ताठ झाली असेल तर क्षमा असावी. त्याचे समीकरण लॉगरिदमवर उभे आहे. आणि भाचेबुवांचा पेपर अडला होता तो लॉगरिदमपाशीच.

नवव्या दिवशी मी निवाडा दिला. कॉम्प्युटर विकायचा नाही. रात्री दहानंतर तो बंद. आणि कोणतेही यान उडवण्याआधी त्याचे इंधन त्सिओल्कोव्स्कीच्या समीकरणाने वहीत हाताने मांडायचे. कितीही चुकले तरी कोणी बोलायचे नाही. शेवटची अट दाजींना जड गेली, पण त्यांनी मान्य केली.

हीच अट मी जूनपासून माझ्या सहावीच्या वर्गातही घातली आहे. निबंधाची एक जादा वही. तिच्यात गुण नाहीत, लाल शाई नाही, हवे तसे लिहावे. मागच्या बाकावरची एक मुलगी गेल्या वर्षी दोन ओळींवर कधी गेली नव्हती. तिने आपल्या म्हशीवर तीन पाने लिहून आणली. शुद्धलेखनाच्या चुका मोजायला मला मनाई आहे, म्हणून सांगत नाही; पण म्हैस अगदी जिवंत उतरली होती.

फेरपरीक्षा दिवाळीनंतर आहे. दाजी फोनवर विचारतात, "पास होईल ना?" कोणाच्याही निकालाची हमी मी कधी दिलेली नाही, भाच्याची तरी कशी देऊ? परवा मात्र त्याने वहीत मांडलेले इंधन आणि पडद्यावर जळालेले इंधन जवळजवळ सारखे आले. तो वही घेऊन स्वयंपाकघरात मामीला दाखवायला धावला. ती चकलीचा घाणा काढत होती. आकडे तिला कळले नाहीत. तिने एक गरम चकली त्याच्या हातावर ठेवली.