पंधरा किलोंचं डायव्हिंग

अंदमानला डायव्हिंगला जायचं ठरलं की आमच्या घरात आधी वजनकाटा बाहेर निघतो. रत्नागिरीकराला विमान पकडायचं तर आधी मुंबई नाहीतर गोवा गाठावा लागतो. त्यामुळे सामानाचा प्रवास रिक्षातच सुरू होतो. कुवारबावचं स्टेशन, रात्रीची कोकणकन्या, पहाटे दादर, मग विमान, पोर्ट ब्लेअरची जेटी आणि हॅवलॉकची बोट. रेल्वेत स्लीपरच्या तिकिटावर 40 किलो चालतं. विमानात स्वस्त तिकिटावर बहुतेकदा बॅगेत 15 आणि हातात 7. बॅग त्या 15 च्या हिशेबानेच भरायची, कारण या प्रत्येक टप्प्यावर ती मलाच उचलायची असते.

तारकर्लीला शिकले तेव्हा हा प्रश्नच नव्हता, सगळं तिथलंच वापरायचं. मग स्वतःचं कशाला न्यायचं, असं आई अजून विचारते. मास्कचं उत्तर सोपं आहे : तो आपल्याच चेहऱ्याला बसलेला हवा, नाहीतर पाणी आत येत राहतं. रेग्युलेटर तर ज्यातून श्वास घ्यायचा ती वस्तू. तिची सर्व्हिसिंग कधी झाली हे मला ठाऊक असावं, एवढा आग्रह मी सोडत नाही. म्हणून रेग्युलेटर, मास्क आणि डाइव्ह कॉम्प्युटर माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. मोठी बॅग हरवली तरी बाकीचं तिथं भाड्याने मिळतं. सुरक्षा तपासणीत नळ्यांचा तो गुंता हमखास थांबवतात, म्हणून तो सगळ्यात वर ठेवते. काढून दाखवला, पाण्याखाली यातून श्वास घेतात म्हणून सांगितलं, की जवान कुतूहलाने बघतात आणि जाऊ देतात.

सिलिंडर आणि शिसं न्यायचंच नाही. अ‍ॅल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर रिकामाच साधारण 14 किलोंचा, आणि भरलेला तर विमानात चालतच नाही. कमरेच्या पट्ट्यातलं शिसं प्रत्येक डाइव्ह सेंटरवर असतं. टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या काढून, टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या पिशवीत. हे टॉर्च पाण्याने थंड राहतात. बॅगेत चुकून लागला तर भयंकर तापतो. चाकू मात्र मोठ्या बॅगेतच.

उरलं डायव्हिंगचं हवा भरायचं जॅकेट, फिन्स आणि तीन मिलिमीटरचा वेटसूट, मिळून सात-आठ किलो. फिन्स बॅगेच्या दोन्ही कडांना उभ्या लावते, त्यांच्या पायाच्या खोबणीत कपडे कोंबते. जॅकेट मध्ये सपाट, वेटसूट त्यावर गुंडाळून. चाकांची मोठी, टणक बॅग मी घेत नाही. रिकामीच चार-पाच किलो भरते आणि बोटीच्या फळीवर तिच्या चाकांचा काही उपयोग नाही. साध्या कापडी डफलला पट्टे असले की झालं.

खरी परीक्षा परतीची. सामान तेच, पण ओलं. वेटसूट पाणी धरून ठेवतो, जॅकेटच्या आतल्या पिशवीतही खारं पाणी साचतं. ते उलटं धरून, झडप दाबून काढावं लागतं. इथं एक नियम कामी येतो. लागोपाठ काही दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान 18 तास जाऊ द्यावेत असं डायव्हिंगचं वैद्यक सांगतं. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. म्हणून शेवटचा दिवस पाण्याबाहेर. कोरडा, रिकामा दिवस म्हणून कितीतरी जण तो तोडायला बघतात. मला तो फार आवडतो. सकाळी सगळं गोड्या पाण्यात बुचकळायचं, रेग्युलेटरचं झाकण घट्ट बसलंय ना ते आधी बघायचं, मग सावलीत टांगायचं. उन्हात रबर लवकर खराब होतं. दुपारी वेटसूट उलटा करायचा. संध्याकाळपर्यंत मी आणि सामान दोघंही विमानाला तयार.

घाटावरच्या मित्रांना मी हे मालवणच्या बाबतीतही सांगते. डाइव्ह आटोपून लगेच घाट चढू नका, ती चढणही अंगाला कळते. चहा घ्या, रात्र काढा, सकाळी निघा.

घरी आल्यावर पुन्हा सगळं धुऊन पडवीत वाळवते. आमच्या हवेत दमट ठेवलेल्या वेटसूटला आठवड्यात बुरशीचा वास येतो. मग पावसाळा लागतो, मालवणचं डायव्हिंग बंद होतं, आणि त्या महिन्यांत रेग्युलेटर सर्व्हिसिंगला जातो.