मालिकेतल्या कटाला पुरावा लागत नाही, आजोबांच्या बांधाला लागतो

आज जरा मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

परवा भाचा सुट्टीला आला होता. त्याच्या मोबाईलवर आम्ही दोघांनी ‘रॉकेट बॉईज’चा दुसरा सीझन संपवला. सोनी लिव्हवर मार्च 2023 मध्ये आलेला, म्हणजे मी जरा उशिराच बघितला. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांची गोष्ट. पहिला सीझन मला मनापासून आवडला होता. तसं बघितलं तर आपल्या अवकाश कार्यक्रमाची खरी सुरुवातच गोष्टीसारखी आहे. केरळातलं थुंबा, मच्छीमारांची वस्ती, चर्चच्या इमारतीत थाटलेली प्रयोगशाळा, सायकलच्या कॅरिअरवरून नेलेला रॉकेटचा भाग. कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, काय फेकतो! पण 21 नोव्हेंबर 1963 ला तिथून पहिलं रॉकेट उडालं आणि त्या सायकलचा फोटो आजही आहे.

दुसऱ्या सीझनमध्ये मात्र माझं मन उठलं. 24 जानेवारी 1966 ला भाभांचं विमान मॉं ब्लांवर आदळलं, 117 माणसं गेली. त्याआधी तेराच दिवस ताश्कंदला शास्त्रीजी गेलेले. अशा वेळी लोकांच्या मनात शंका येणारच. पण फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष सरळ होता: विमानातलं एक दिशादर्शक यंत्र बिघडलेलं होतं, आपण डोंगराच्या नेमके कुठे आहोत याचा वैमानिकाचा अंदाज चुकला, आणि रडारवरून मिळालेल्या सूचनेचा अर्थ लावण्यात गफलत झाली. मालिकेला एवढं पुरत नाही. ती अपघाताभोवती सीआयएच्या कटाचं जाळं विणते. मग घरातलाच फितूर, मग फोन, मग पाठलाग. प्रत्येक दुर्घटनेमागे कुणीतरी बसलेलाच हवा.

मी भाच्याला म्हटलं, "हे पटत नाही रे." तो हसला. "मामा, मालिका आहे. एवढा पुरावा कशाला मागता?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. कारण पुरावा हा शब्द आमच्या पाड्यावर रोजचा आहे.

आमच्याकडचे एक आजोबा. नाव देत नाही. डोंगरउतारावर नाचणी-वरई करतात, त्यांच्या बापानेही तीच जमीन केली. वनहक्काचा दावा टाकला. कायदा 2006 चा, आणि अट अशी की आदिवासी कुटुंबाचा ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा हवा. आजोबांचा ताबा त्याच्या किती आधीचा, हे अख्ख्या पाड्याला माहीत. पण कार्यालयात त्यांना तोंडी सांगितलं गेलं, "उपग्रहाच्या फोटोत तुमची शेती दिसत नाही."

आता बघा गंमत. पावसाळ्यात आपल्याकडे ढग हटत नाहीत, म्हणून साधा फोटो मिळतो तो बहुतेक कोरड्या दिवसांतला. त्या दिवसांत नाचणीचं रान म्हणजे नुसता पिवळा उतार. त्यात आपण मोह, साग, आंबा ठेवून शेती करतो, वरून ते जंगलच दिसणार. शिवाय वरकस जमीन दरसाल एकच पीक घेत नाही. नाचणी, मग वरई, मग खुरासणी, मग दोन-तीन वर्षं पडीक. पडीक वर्षातला फोटो निघाला की माणसाची सगळी मेहनत पुसली गेली.

आणि कायदा काय म्हणतो? नियमांत 2012 ला दुरुस्ती झाली. त्यात स्पष्ट आहे की उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून चालेल, त्या पुराव्याच्या जागी नाही. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे: सरकारी कागद आहेत, बांध, सपाटीकरण, झोपडी अशा जमिनीवरच्या खुणा आहेत, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबसुद्धा आहे. म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा शब्द कायद्याने पुरावा मानलाय. कार्यालयातल्या माणसाला मात्र तो पटत नाही.

साराभाईंना उपग्रह हवा होता तो कशासाठी? दुसरा सीझन पोखरणच्या स्फोटाकडे धावतो, 18 मे 1974. पण साराभाईंचं स्वप्न गावाकडे जाणारं होतं. ते डिसेंबर 1971 मध्ये गेले, आणि 1 ऑगस्ट 1975 पासून एक वर्ष, अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2400 खेड्यांत टीव्ही चालला. शेती, आरोग्य, शाळा असे कार्यक्रम. अँटेना कशाच्या, तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतो तसल्या जाळीच्या. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. कुणी खलनायक नाही, पाठलाग नाही, तरी माझ्या मते सगळ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात अचाट आहे. ज्या माणसाने उपग्रह खेड्याच्या कामाला लावायचं ठरवलं, त्याच उपग्रहाचं चित्र आज खेड्यातल्या माणसाला खोटं पाडायला वापरलं जातंय.

काल भाच्याला घेऊन शिरपामाळावर गेलो. 1664 च्या जानेवारीत महाराज सुरतेला गेले तेव्हा इथे थांबले, जव्हारच्या राजाने त्यांच्या मस्तकी शिरपेच खोवला, म्हणून हा शिरपामाळ, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्यापैकी कुणी त्याचा कागद बघितलाय? नाही. तरी आपण विश्वास ठेवतो, कारण बापाने सांगितलं, त्याला त्याच्या बापाने. मला त्यात काही गैर वाटत नाही. मग तसंच पिढ्यांनी सांगितलेलं नाचणीच्या शेताबद्दल असलं की आपलेच शिकलेले लोक तोंड का वाकडं करतात?

भाचा खाली दरीकडे बघत होता. म्हणाला, "मामा, आजोबांचा जबाब लिहून घेतलाय का कुणी?" मला उत्तर देता आलं नाही. आजोबांचा दावा आहे, पण त्यांची जमीन पाहिलेले दुसरे म्हातारे आता दोनच उरलेत. एकाला नीट ऐकू येत नाही.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या पाड्यावर ज्यांचे दावे अडलेत, त्यांनी तोंडी नकार ऐकून घरी येऊ नका. कारणासह लेखी मागा. उपविभागीय समितीने नाकारलं असेल तर जिल्हा समितीकडे 60 दिवसांत दाद मागता येते. आणि वडीलधाऱ्यांचे जबाब आताच लिहून घ्या, बांधाचे, झोपडीचे फोटो काढा. पोरांना मोबाईल हातात दिलाच आहे, एक रविवार या कामाला लावा.

आम्ही या रविवारी आजोबांच्या शेजाऱ्यांकडे बसणार आहोत. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यापासून सुरुवात. ज्यांना लिहायला मदत करायची असेल त्यांनी सकाळी आठला या, चहा माझ्याकडे.