समुद्राला पिनकोड नसतो!

रात्री अकरा वाजता मोबाइलचा चार्जर बिघडला तर तुम्ही काय करता? ॲप उघडता, दोनदा टिचकी मारता आणि दहा-पंधरा मिनिटांत नवा चार्जर दारात हजर! आपल्या पिढीला ‘स्पेअर’ हा शब्दच विसरायला झालाय. घरात जास्तीचा बल्ब नाही, फ्यूजची तार नाही, सुई-दोरासुद्धा कुणाकडे मागावा लागतो. कशाला ठेवायचं? मागवलं की येतं!

पण किनारा चार-पाच किलोमीटर लांब आहे, वारा पडलाय, इंजिन बंद पडलंय आणि पाणी तुम्हाला हळूहळू मोठ्या जहाजांच्या वाटेकडे ओढतंय, अशा वेळी ॲप काय विचारणार? डिलिव्हरी ॲड्रेस? समुद्राला पिनकोड नसतो, मंडळी!

आम्ही चार मित्रमैत्रिणींनी मिळून मुंबईत एक जुनी शिडाची बोट घेतली, त्याला आता चार वर्षं होतील. ‘यॉट’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पांढरी पँट, गॉगल आणि हातात उंच ग्लास येतो. प्रत्यक्षात आमचा अर्धा वीकेंड कुठलातरी नट शोधण्यात जातो. सव्वीस फुटांची बोट. ऐकायला ऐसपैस वाटतं. पण त्यात शिडं, दोर, नांगर, लाइफ जॅकेट, पिण्याचं पाणी आणि चार माणसांच्या बॅगा बसवल्या की सामानासाठी उरतो सीटखालचा एक कप्पा. फ्रिजच्या भाजीच्या ट्रेएवढा.

त्या एका कप्प्यात काय ठेवायचं, हा खरा प्रश्न. एका अनुभवी खलाश्याने दिलेली यादी तीन पानांची होती. ती सगळी भरली असती तर सामान वाहायला मागून दुसरी बोट लागली असती! शिवाय वजन वाढलं की बोट जड होते, खोल बसते, रडतखडत चालते. उलट काहीच नेलं नाही तर... तेही वर सांगितलंच.

समुद्राचा क्लास, दिग्रसला

हे कोडं सुटलं ते मुंबईत नाही, तर दिवाळीच्या सुट्टीत दिग्रसला. दिग्रस म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं माझं गाव. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. आमच्या लहानपणी पाणी म्हणजे गावातली धावंडा नदी आणि जवळचं अरुणावती धरण. होडी पाहिली ती धरणावर मासे धरणाऱ्यांचीच. त्यातही एक जास्तीचं वल्हं आणि पाणी उपसायचा डबा असायचाच, हे मात्र आठवतं.

बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागायची. आत मशीन थांबलं की बाहेर रांग थांबायची आणि रांगेतला शेतकरी थंडीत तिथेच रात्र काढायचा. पट्टा तुटला, बेअरिंग गेलं, तर नवा पार्ट यवतमाळहून नाही तर अकोल्याहून यायचा, बहुतेक वेळा एसटीच्या कंडक्टरच्या हाती. रेल्वे म्हणाल, तर शकुंतलासुद्धा यवतमाळ-दारव्ह्याच्या बाजूनेच जायची. आमच्या वेळी दिग्रसच्या वाट्याला ती नव्हतीच. म्हणजे ‘पार्ट मिळेपर्यंत आपण एकटे’ हे गणित बाबांना कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती.

ती तीन पानांची यादी मी बाबांसमोर ठेवली. चष्मा लावून त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, “यातलं अर्धं कायले पायजे?”

“बाबा, समुद्रात काहीही मोडू शकतं.”

“मोडू दे ना. मोडलं तं तुम्ही अडकता का घरी येता, ते सांग.”

हा झाला पहिला प्रश्न. पुढचे दोन त्यांनी पेन्सिलीने यादीच्या कडेलाच लिहिले. “तुले तिथं, हलत्या बोटीत, बदलता येते का?” आणि “मोडण्याआधी ते काही सांगते का?”

बस्स, तीनच प्रश्न! पण यादी अशी काही गळाली म्हणता!

ब्लूटूथ स्पीकर, तिसरा टॉर्च, दोन प्रकारच्या कॉफीची किटली पहिल्याच प्रश्नाला बाद. ते बिघडलं तरी आपण घरी येतो. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा दुसऱ्या प्रश्नाला बाद, कारण भर समुद्रात आम्ही ती तार बदलू शकत नाही. मग तिच्याऐवजी काय न्यायचं? तार तुटून काठी पाण्यात पडली, तर ती बोटीच्या अंगाला ठोकरा मारून भोक पाडू शकते. म्हणून तारा आणि पिना कापायला हॅक्सॉ, त्याची चार-पाच जास्तीची पाती आणि तात्पुरती बांधाबांध करायला मजबूत दोर. तिसरा प्रश्न सगळ्यांत हुशार. फॅन बेल्टला भेगा पडतात, दोराचे पीळ उसवतात, बॅटरी सकाळी कण्हायला लागते. जे आधी सांगतं, ते किनाऱ्यावरच बदलायचं. बदललेला जुना, पण चालणारा बेल्ट स्पेअर म्हणून कप्प्यात. बाबांचं म्हणणं, “जुना बेल्ट बसते हे तं माहीत हाय. नवा बसते का, कोणाले माहीत?”

दाभण आणि पोस्टकार्ड

मग अंगणात सतरंजी टाकून एकेका वस्तूची पिशवी भरायचा कार्यक्रम झाला. बाबांचा नियम असा की, पार्ट एकीकडे आणि पाना दुसरीकडे असं चालायचं नाही. ज्या पार्टला जो पाना लागतो, जे स्क्रू लागतात, जो वायसर लागतो, ते सगळं एकाच पिशवीत. वर चिठ्ठी. स्क्रू चार लागत असतील तर सहा. “दोन पडतेच,” बाबा म्हणाले. आई आतून दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन आली. कापसाची पोती शिवायची दाभण! फाटलेलं शीड शिवायला परदेशी दुकानात मिळणारी खास सुई आणि ही दाभण, यांत मला तरी फारसा फरक दिसला नाही.

एक गोष्ट मात्र मी बाबांना शिकवली. बोटीवर प्रत्येक पान्याला दोरी बांधतात आणि दोरीचं दुसरं टोक मनगटात. जिनिंगमध्ये पाना पडला तर फरशीवर पडतो. इथे पडला तर गेलाच. बाबांना हे इतकं आवडलं की त्यांनी घरातल्या पकडीलाही दोरी बांधली.

त्याच संध्याकाळी मी त्यांना रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्लिश खलाश्याची गोष्ट सांगितली. १९६८-६९ मध्ये हा गडी एकटा, कुठेही न थांबता, शिडाच्या बोटीतून जगाला प्रदक्षिणा घालून आला. असं करणारा जगातला पहिला माणूस! ३१२ दिवस. आणि त्याची ‘सुहाली’ ही बत्तीस फुटांची सागवानी बोट बांधली होती कुठे? आपल्या मुंबईत! प्रवासात बोट गळायला लागली तेव्हा त्याने पाण्यात बुड्या मारून बाहेरून फट बुजवली. आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या इंजिनातली गॅप सेट करायची वेळ आली, तेव्हा कळलं की जवळ फिलर गेज नाही. मग? त्याने आपल्या वहीची पानं मोजली. एक इंच जाडीत दोनशे पानं. म्हणजे एक पान इंचाच्या हजार भागांपैकी पाच भाग. हवी होती साधारण पंधरा भागांची गॅप. तीन पानं घातली, झालं काम!

मला वाटलं, बाबा थक्क होतील. ते म्हणाले, “मंग? आम्ही पोस्टकार्ड घालत होतो.”

मोठ्यांची गोष्ट, तीच गोष्ट

तुम्ही म्हणाल, हे सगळं एकट्याने जग फिरणाऱ्यांसाठी ठीक आहे. आम्ही तर फार तर मांडव्यापर्यंत जाणार! पण मोठ्या मोहिमांकडे बघितलं की त्यातलं सूत्र आपल्याही उपयोगाचं आहे, हे लक्षात येतं. कमांडर दिलीप दोंदे हे शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले, मे २०१० मध्ये परतले. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत बांधली गेली आणि ती बांधली जात असताना दोंदे स्वतः त्या कामात होते. मला वाटतं, त्यांच्याकडचं सगळ्यांत मोठं स्पेअर हेच. कुठला बोल्ट कुठे आहे, हे माहीत असणं.

२०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून जगाला फेरी मारून आल्या. ठरलेले थांबे चार होते. पण परतीच्या वाटेवर सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि पाचवा थांबा मॉरिशसला घ्यावा लागला. इतकी तयारी असूनही! म्हणजे प्रत्येक गोष्टीचं उत्तर कप्प्यात नसतंच. काही वेळा उत्तर असतं ‘जवळचं बंदर गाठा’. ते गाठण्यापुरतं सामान आपल्याकडे असलं म्हणजे झालं. हीच ‘तारिणी’ पुढे २०२४-२५ मध्ये फक्त दोन महिला अधिकाऱ्यांसह पुन्हा जग फिरून आली, हेही सांगायलाच हवं.

पाच पात्यांचा इंपेलर

आमची परीक्षा झाली ती गेल्या फेब्रुवारीत. रविवार, संध्याकाळचे पाच. मांडव्याहून परत येताना वारा साफ पडला, म्हणून इंजिन लावलं. वीस मिनिटांत एक्झॉस्टमधून पाण्याऐवजी वाफ यायला लागली. इंजिन लगेच बंद. कारण कळायला वेळ लागला नाही. थंड पाणी आत घेणाऱ्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती. पाणी खेचणारा रबरी इंपेलर कोरडा फिरला आणि त्याची पाती तुटली. एवढीशी रबरी फिरकी, हाताच्या मुठीत मावेल अशी. पण ती नाही तर इंजिन नाही!

ओहोटी सुरू झाली होती. तासा-दीड तासात अंधार पडणार आणि दूरवर कंटेनरच्या जहाजांची रांग. आधी नांगर टाकला. हे लक्षात ठेवा, बोटीवरचं पहिलं हत्यार नांगर! बोट थांबली की डोकं चालतं. मग खालचा वॉल्व्ह बंद केला, पिशवी ओढून काढली आणि कप्प्यातून बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी असलेली पिशवी घेतली. नवा इंपेलर, कागदाचं गॅस्केट, नेमका बसणारा पेचकस, सहा स्क्रू. झाकणाचे स्क्रू चार. बोट डुलत होती. एक स्क्रू तळाच्या पाण्यात गेला, मग दुसरा. “दोन पडतेच!”

जुना इंपेलर काढून पाती मोजली. सहापैकी पाच जाग्यावर. सहावं? ते पुढे पाइपात अडकलं होतं. ते काढल्याशिवाय नवा इंपेलर घातला असता तर पाणी पुन्हा अडलं असतं. ते पक्कड घालून काढलं, नव्या इंपेलरला भांडी घासायचा साबण चोळला, पिळून आत बसवला, झाकण लावलं. पस्तीस मिनिटं. इंजिन सुरू झालं आणि मागून पाण्याची धार पडायला लागली, तेव्हा आम्ही चौघं जे ओरडलो, ते बहुधा अलिबागपर्यंत ऐकू गेलं असेल.

हे शांतपणे जमलं, कारण हाच इंपेलर आम्ही डिसेंबरमध्ये बोट धक्क्याला असताना एकदा काढून घातला होता. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळत नाही. ते हातांना विचारावं लागतं. न बदलून पाहिलेलं स्पेअर म्हणजे नुसतं वजन.

तुमच्या कप्प्यासाठी

• इंजिनसाठी: इंपेलर गॅस्केटसह, डिझेल फिल्टर, बेल्ट, थोडं ऑइल. आउटबोर्ड असेल तर स्पार्क प्लग, शिअर पिन आणि इंजिन बंद करणाऱ्या दोरीची जास्तीची क्लिप.

• शिडासाठी: शॅकल, स्प्लिट पिना, शिडाची चिकटपट्टी, दाभण, मेणाचा दोरा.

• पाणी आत आलं तर: वेगवेगळ्या मापांच्या निमुळत्या लाकडी गुट्ट्या, एम-सील, जुनी ट्यूब आणि एक बादली. घाबरलेल्या माणसाच्या हातातल्या बादलीइतका जोरदार पंप दुसरा नाही!

• हत्यारं: मोजकीच, पण तुमच्याच बोटीच्या नट-बोल्टच्या मापाची. पाने, पेचकस, पक्कड, हॅक्सॉ, हेडटॉर्च. खाऱ्या हवेत लोखंड महिन्याभरात गंजतं, म्हणून ग्रीसचा हात फिरवून हवाबंद डब्यात. डबा बोटीच्या मध्यावर आणि खाली.

• आणि हे हत्यार नाही, पण हवंच: व्हीएचएफ रेडिओ, चॅनेल सोळा. तिन्ही प्रश्नांना उत्तर ‘नाही’ आलं की मदत मागायला लाजायचं नाही.

पावसाळ्याआधी बोट पाण्याबाहेर काढतात, तेव्हा आम्ही सगळा कप्पा सतरंजीवर रिकामा करतो. वापरलेली वस्तू त्याच आठवड्यात परत आणायची, हा आता आमचा नियम आहे; कारण पिशवीवरची चिठ्ठी तशीच राहते आणि आत काही नसतं, याच्याइतकं धोकादायक काही नाही. फेब्रुवारीनंतर मी दोन नवे इंपेलर आणले. फोनवर बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “चांगलं केलं. आता त्या दुसऱ्या तिघाईले शिकव. तू आजारी पडली तं?”

पुढच्या रविवारी इंपेलर बदलायची पाळी दुसऱ्याची आहे. मी फक्त घड्याळ लावून बसणार.