आवड दाराबाहेर

पुण्यात जुने फ्लॅट विकून देणं आणि भाड्याने लावून देणं हा माझा व्यवसाय. या व्यवसायात कागदपत्रं शिकणं फारसं अवघड नाही. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं ना-हरकत पत्र, मालमत्ता कराची पावती हे सगळं वर्ष-दोन वर्षांत इतक्या वेळा हाताखालून जातं की फाइल उघडताच काय कमी आहे ते कळतं. अवघड असतं ते गप्प बसणं. चावी फिरवून दार उघडलं, पार्टी आत शिरली (आमच्याकडे गिऱ्हाइकाला पार्टीच म्हणतात), की पुढची चार-पाच मिनिटं एजंटने तोंड उघडू नये, असं माझं ठाम मत आहे. चपलांबरोबर आपली आवडही दाराबाहेर काढून ठेवावी.

मला आवडनिवड नाही असं मुळीच नाही. दिवसभर लोकांच्या घरांतून फिरणाऱ्या माणसाची आवड फार पक्की होत जाते. मला जुनी मोझॅकची फरशी आवडते, उन्हाळ्यात पायाला गार लागणारी. खिडकीला टेकलेलं झाड आवडतं, मग त्यापायी खोलीत थोडा अंधार झाला तरी चालतो. १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर सहकारनगर, गोखलेनगर या भागांत पूरग्रस्तांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांतलं एखादं अजून न पाडलेलं बैठं घर दिसलं की माझी पावलं रेंगाळतात. छताला पीओपी करून त्यात निळे-जांभळे दिवे सोडलेला हॉल मला सोसत नाही. पोपटी भिंत तर अजिबात नाही. पण ज्या घरात मी राहणार नाही, ज्याचा हप्ता मी भरणार नाही, तिथे माझ्या सोसण्या-न-सोसण्याला काय किंमत?

आणि तरीही एजंटच्या मताला किंमत येते, हीच अडचण आहे. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घ्यायला निघालेलं जोडपं मनातून धास्तावलेलं असतं. कुणीतरी ‘हो’ म्हणावं असं त्यांना वाटत असतं आणि नेमका त्या घटकेला शेजारी एजंट उभा असतो. मी नुसतं ‘वा, काय उजेड आहे!’ म्हटलं तरी दोघं खिडकीकडे वळतात आणि बाथरूमच्या भिंतीवरची ओल बघायची राहून जाते. ‘मी असते तर हाच घेतला असता’ हे वाक्य आमच्या धंद्यात सर्रास चालतं. मी ते वापरत नाही. दलाली टक्क्यावर ठरते. एक टक्का असो की दोन, घर महाग तर दलाली जास्त. अशा वेळी एजंटला आवडलेलं घर खरोखर त्याच्या मनाला आवडलं आहे की त्याच्या हिशेबाला, हे समोरच्या माणसाने कशावरून ओळखायचं? ज्या मतात आपला फायदा मिसळला आहे, ते मत देऊच नये हे बरं.

गप्प राहिलं की माणसं घर कशी बघतात ते दिसतं. नवरा बहुतेक वेळा हॉलच्या मधोमध उभा राहून चहूकडे नजर फिरवतो आणि पार्किंगचं विचारतो. बाई थेट स्वयंपाकघरात जाते. ओट्यापाशी उभी राहून वरच्या कपाटापर्यंत हात पोहोचतो का ते बघते, सिंकचा नळ सोडून पाण्याचा जोर बघते. ड्राय बाल्कनी केवढी, वॉशिंग मशीन कुठे बसेल, कपड्यांच्या दांड्या कुठे लागतील, पावसाळ्यात ते वाळणार कुठे, हे तिचे प्रश्न. नोकरीसाठी आलेली मुलं आधी मोबाइलवर रेंज बघतात. म्हातारं माणूस बरोबर असेल तर ते काही न बोलता संडासाचं दार उघडतं आणि भिंतीवर हात ठेवून बघतं. तिथे आधाराचा दांडा बसवता येईल का, हे ते तपासत असतं, आणि घरातल्या तरुणांच्या ते बहुधा लक्षातही येत नाही.

एका निवृत्त गृहस्थांना मी तळमजल्यावरचा एक फ्लॅट दाखवला होता. माझ्या मते त्या घरात काही म्हणजे काही नव्हतं. हॉल कोंदट, समोर झाड नाही, आणि बेडरूमची खिडकी सरळ सोसायटीच्या फाटकावर उघडणारी. दिवसभर वर्दळ, स्कूटरचे आवाज. आजोबा त्या खिडकीशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, ‘हिला इथून सगळं दिसेल.’ त्यांच्या पत्नी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दूधवाला, शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं, संध्याकाळी फिरून येणाऱ्या बायका, हे सगळं खिडकीतून दिसणार होतं. कुणी जाता जाता हाकही मारणार होतं. ज्याला मी मनातल्या मनात वर्दळ म्हणत होते, ती त्यांना हवी होती. मी दारातच ‘जरा कोंदट आहे हो’ म्हटलं असतं, तर ते बहुधा त्या खिडकीपर्यंत पोहोचलेच नसते.

म्हणून एजंटने मुकं राहावं असं कुणी समजू नये. आवड बाजूला ठेवायची असते, माहिती नाही. पाणी दिवसातून किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर मागवावे लागतात का, वरच्या मजल्यावरून गळती आहे का, इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळालं आहे का, जमिनीचं अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावावर झालं आहे का, हे न विचारता सांगायचं असतं. रेरा या स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या करून टाकली, तेव्हापासून एक गोष्ट मी आवर्जून सांगते. या व्याख्येत आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरली जात नाही. लोक घर पसंत करतात ते पुष्कळदा बाल्कनीत उभे राहून, आणि नंतर चौरस फुटांचा हिशेब मांडताना ती त्यात सापडत नाही. पार्किंगचंही तसंच. स्टिल्टखालची जागा बिल्डरने गॅरेज म्हणून वेगळी विकता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका प्रकरणात २०१० मध्ये दिला. तरी जुन्या सोसायट्यांमध्ये ‘पार्किंग विकत घेतलंय’ असं सांगणारे मालक अजून भेटतात. तिथे मी सोसायटीचं पार्किंग वाटपाचं पत्र मागते. हे सगळं बोलून दाखवलं तर सौदा मोडू शकतो, मोडतोही. पण ओल ही कुणाच्या आवडीची बाब नाही.

वास्तुशास्त्रावर माझा विश्वास नाही. पार्टीचा असेल तर मी होकायंत्र धरून ओट्याची दिशा अचूक सांगते आणि पुढे बोलत नाही. ओटा दक्षिणेला असताना तो आग्नेयेला आहे असं सांगणं खोटेपणाचं, आणि ‘असं काही नसतं हो’ म्हणून हसणं उद्धटपणाचं. दोन्ही मी पाहिलं आहे आणि दोन्हीचा मला सारखाच राग येतो.

घर विकणाऱ्याच्या बाजूनेही हाच प्रश्न येतो. अमेरिकेत घर विकायला काढताना ते सजवून देणाऱ्यांचा स्वतंत्र व्यवसाय आहे. भिंतींना सौम्य, कुणालाच न खटकणारा रंग द्यायचा, कुटुंबाचे फोटो उतरवायचे, म्हणजे येणाऱ्याला तिथे स्वतःचा संसार कल्पिता येतो. आपल्याकडेही मोठे एजंट आता हा सल्ला देऊ लागले आहेत. पसारा आवरा, बंद पडलेला पंखा दुरुस्त करा, नळाची गळती थांबवा, एवढं मीही सांगते. पण हार घातलेला वडिलांचा फोटो काढा, देवघर झाका, असं मी कुणाला सांगत नाही. ते घर अजून त्यांचं आहे. खरेदीखत होईपर्यंत त्यांनी त्यात आपल्या पद्धतीने राहावं. आणि घेणारा तेवढा समजदार असतो. दुसऱ्याचं देवघर दिसलं म्हणून आपलं कुठे ठेवायचं हे सुचत नाही, असा माणूस मला भेटलेला नाही.

या बाबतीत माझं मन ज्यांनी मोकळं केलं, ते एजंट नव्हते, वास्तुरचनाकार होते. नवी मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात घरांची एक वसाहत रचली. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात. सात-सात घरं एकेका चौकाभोवती, घराला आपली मोकळी जागा, आणि एकाही घराची भिंत शेजारच्या घराशी सामायिक नाही. ती मुद्दाम तशी ठेवली होती, कारण पैसा हातात येईल तसं प्रत्येक कुटुंबाने आपलं घर स्वतः वाढवावं, बदलावं, हा त्या आराखड्याचाच भाग होता. आज तिथे फिरलात तर मूळ रूपातली घरं शोधावी लागतात. बहुतेकांनी मजले चढवले, कौलं काढून स्लॅब टाकले, टाइल्स लावल्या, काहींनी पाडून नवीनच बांधलं. त्यातलं पुष्कळ काही माझ्या डोळ्यांना बरं दिसत नाही. पण जगभर नावाजलेल्या माणसाने, ज्याची नजर माझ्यापेक्षा शेकडो पटींनी तयार होती, राहणाऱ्यांच्या मर्जीसाठी आधीच जागा सोडून ठेवली, हे मला फार मोठं वाटतं. चौक मात्र टिकले आहेत. मुलं त्यात खेळतात.

पण आवड दाराबाहेर ठेवायची म्हणजे फक्त भिंतीच्या रंगाबद्दल बोलायचं नाही, एवढ्यावर हा विषय थांबत नाही. एजंटची आवड दुसऱ्या एका मार्गाने घरात शिरते आणि तो मार्ग जास्त घातक आहे. ‘तुम्हाला तिथे आवडणार नाही.’ हे वाक्य फार प्रेमाने म्हटलं जातं. आडनाव ऐकून म्हटलं जातं, बुरखा बघून म्हटलं जातं, एकटी मुलगी भाड्याचं घर शोधते आहे हे कळल्यावर म्हटलं जातं. ‘तिथे सगळे शाकाहारी आहेत, तुम्हाला उगाच अवघडल्यासारखं होईल.’ ‘तिथे फॅमिली लोक आहेत, तुम्हाला मोकळेपणा मिळणार नाही.’ ऐकणाऱ्याला वाटतं, किती काळजी करतो आहे हा माणूस. प्रत्यक्षात एजंटने ऐकणाऱ्याला घर दाखवायचं नाकारलेलं असतं, आणि नकाराचा दोषही त्याच्याच आवडीवर ढकललेला असतो. पुष्कळदा मालकाने तसं काही सांगितलेलंही नसतं. एजंटच आधी अंदाज बांधतो, कारण मालकाकडून नकार ऐकायला जाण्यात त्याचा वेळ जातो.

अमेरिकेत हे वाक्य कायद्याने बंद करावं लागलं. १९६६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकागोत घरांच्या प्रश्नावर चळवळ उभी केली, तेव्हा काही मोर्चे इस्टेट एजंटांच्या कचेऱ्यांवर गेले होते. काळ्या कुटुंबांना गोऱ्या वस्तीतली घरं न दाखवता गोड बोलून दुसरीकडे वळवण्याचं काम तिथे बसलेली माणसंच करत होती. ४ एप्रिल १९६८ ला किंग यांची हत्या झाली आणि त्यानंतर आठवड्याभरात घरांच्या व्यवहारातल्या भेदभावाला बंदी घालणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. वंश, रंग, धर्म, मूळ देश बघून माणसाला एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा वस्तीपासून दूर नेणं तिथे बेकायदेशीर आहे.

आपल्याकडे खासगी घरांच्या व्यवहाराला लागू होणारा असा स्वतंत्र कायदा नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सदस्यत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा पोटनियम वैध ठरवला. २०१६ च्या रेरा कायद्याने एजंटची नोंदणी सक्तीची केली, खोटी माहिती देण्याला आळा घातला. महारेरा या राज्यातल्या नियामकाने प्रशिक्षण आणि परीक्षाही आणली; पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. हे सगळं चांगलंच झालं. पण हा कायदा मुख्यतः नोंदणी झालेल्या प्रकल्पांतल्या खरेदी-विक्रीसाठी आहे. ‘तुम्हाला तिथे आवडणार नाही’ हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं ते भाड्याच्या घरांत आणि जुन्या सोसायट्यांत, आणि तिथे ते थांबवायला एजंटची सदसद्विवेकबुद्धी सोडली तर काही नाही.

मी एक नियम पाळते. मालकाने स्वतःच्या तोंडाने अट सांगितल्याशिवाय मी ती पार्टीला सांगत नाही. सांगितली, तर मालकाला विचारते, हे मी तुमच्या नावाने सांगू का? पुष्कळ जण इथे घुटमळतात. ‘नाही, म्हणजे तसं काही नाही, बघू, माणसं बरी असली तर...’ आणि मग मी माणसांना घेऊनच जाते. काही दारं तरीही उघडत नाहीत. ती मालकाने बंद केली आहेत, असं मी त्या माणसाला स्पष्ट सांगते. ऐकायला वाईट वाटतं, पण ‘तुम्हालाच आवडलं नसतं’ या वाक्याने होणाऱ्या अपमानापेक्षा ते बरं. अशा मालकांच्या घरांचं काम मी पुढे घेत नाही.

तुम्ही घर बघायला जाल तेव्हा एजंटला ‘तुम्हाला कसं वाटतं?’ असं विचारू नका. पाणी, गळती, भोगवटा प्रमाणपत्र, घर किती महिने रिकामं आहे आणि का, हे विचारा. जमलं तर तेच घर एकदा संध्याकाळी आणि एकदा पावसात बघा. आणि एखादं घर तुम्हाला आवडणार नाही म्हणून त्याने वगळलं, तर ते आधी दाखवायला सांगा.