लोकरीतले पक्षी

बँकेतील दीर्घ नोकरीत आकड्यांखेरीज माझ्या हातून काही घडले नाही. निवृत्तीनंतर कोल्हारला स्थायिक झालो, तेव्हा प्रवरेकाठच्या पक्ष्यांकडे निवांत पाहण्याची सवड प्रथमच मिळाली. पाहिलेला पक्षी घरात असावा, असे नातवंडांना वाटे. परंतु पिंजरा आमच्या घराण्यात कधी आला नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपले देशी पोपट पाळता येत नाहीत. म्हणून मी लोकर आणि सुई हाती घेतली.

लोकरीच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. बारीक खाचा असलेली सुई लोकरीच्या पुंजक्यात वारंवार टोचली, की तंतू एकमेकांत गुंततात आणि मऊ पुंजका घट्ट होत जातो. धागा नको, डिंक नको. काश्मीरचा नमदा लोकरीच्या याच गुणावर तयार होतो. फरक इतकाच, की तेथे सुईऐवजी पाणी, साबण आणि दाब वापरतात. सुई ज्या रेषेत आत जाते त्याच रेषेत बाहेर यावी लागते. हात तिरका झाला, तर ती मोडते किंवा बोटात रुतते. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे.

मी प्रथम चिमणी केली. लांबी सुमारे १५ सेंटिमीटर, पाय तारेचे. नराच्या माथ्यावर राखाडी रंग, डोळ्यामागे तपकिरी पट्टा, गळ्याखाली काळा डाग. सर्वांत कठीण डोळ्याची जागा. ती किंचित चुकली, की पक्ष्याचे खेळणे होते. २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. या उपक्रमामागे आपल्या नाशिकचे मोहम्मद दिलावर आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

वाचकहो, आपल्या मनात येईल तो प्रश्न माझ्याही मनात आला : ही लोकर येते कोठून? ऑस्ट्रेलियात अनेक ठिकाणी माश्यांचा उपद्रव टाळण्यासाठी मेरिनो कोकरांच्या मागील भागाची कातडी कापून काढतात. न्यूझीलंडने २०१८ मध्ये या प्रथेवर बंदी घातली. पक्ष्यावरील प्रेमापोटी कोकराला वेदना द्यायची, हे मनाला पटेना. दुसरीकडे, आपल्या वाटांवरून धनगर बांधव दख्खनी मेंढ्यांचे कळप नेतात. त्यांची लोकर काळी, राखाडी, तपकिरी आणि राठ. पूर्वी तिची घोंगडी होत. घोंगडीची मागणी घटल्यामुळे लोकर कातरण्याची मजुरीही सुटत नाही, असे एका वृद्ध मेंढपाळाने मला सांगितले.

मी त्यांच्याकडून रास्त दराने लोकर घेऊ लागलो. तिला मेरिनोची मऊ झळाळी नाही; परंतु चिमणी, सातभाई, कोतवाल यांचे रंग तिच्यात आपसूकच असतात. खंड्याच्या निळ्या पंखांसाठी मात्र रंगवलेली लोकर लागते. ती कोठून आली हे दुकानदाराला विचारल्यावाचून मी घेत नाही.

हे पक्षी मी विकत नाही. शेजारची मुले मागायला येतात, त्यांना एकच अट असते : खरा पक्षी कोठे पाहिला, तो काय करीत होता, हे आधी सांगावे. त्यामुळे कोतवालाच्या घरट्याची जागा आता आमच्या गल्लीतील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, आणि तिकडे दगड भिरकावण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.