बॅरिस्टर अंतुले आणि आमचा जिल्हा

महाराष्ट्राच्या आजवरच्या मुख्यमंत्र्यांत मुसलमान एकच झाले : बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. जून १९८० ते जानेवारी १९८२, एवढीच त्यांची कारकीर्द. नाव काढलं की लोकांना सिमेंट प्रकरण आठवतं. आठवावंच. पण राज्यशास्त्र शिकवणारा, टेंभुर्णीत राहणारा माणूस म्हणून मला तेवढ्यावर थांबता येत नाही.

टेंभुर्णी जाफराबाद तालुक्यात. १ मे १९८१ पूर्वी हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. त्या दिवशी औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीचा परतूर असे तालुके मिळून जालना जिल्हा झाला. मुख्यमंत्री अंतुले होते. त्याच वर्षी २७ ऑगस्टला औरंगाबादेत उच्च न्यायालयाचं खंडपीठ सुरू झालं. हा निर्णय किती मोठा, हे कोर्टाची पायरी चढलेल्या शेतकऱ्यालाच विचारावं. मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, तेव्हापासून बांधाच्या, वाटणीच्या दाव्यात उच्च न्यायालयात अपील करायचं तर मुंबई गाठावी लागे. वकिलाची फी, जाण्यायेण्याचा खर्च, राहण्याची सोय. आणि तारीख पुढे ढकलली की पुन्हा तेच. ज्याच्याकडे पैसा त्याचंच अपील, असा तो मामला होता. खंडपीठाची मागणी जुनी होती, ती मराठवाड्यातल्या वकिलांनी लावून धरली होती. विरोधही झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण खंडपीठ टिकलं. मागणी अंतुल्यांची नव्हती. ती तडीस नेण्याची धमक मात्र त्यांच्या सरकारने दाखवली.

संजय गांधी निराधार अनुदान योजनाही त्यांच्याच काळातली, १९८०ची. विधवा, अपंग, ज्यांना पाहणारं कुणी नाही अशांना आजही त्या योजनेचा पगार मिळतो. गावाकडे लोक त्याला पगारच म्हणतात.

यातला एकही निर्णय मुसलमानांपुरता नव्हता. हे मी मुद्दाम सांगतो. देशाची फाळणी झाली तेव्हा आंबेतचा हा कोकणी मुलगा अठरा वर्षांचा होता. त्या पिढीतल्या मुसलमान पुढाऱ्यासमोर दोनच वाटा ठेवल्या गेल्या : आपल्या समाजाची गाऱ्हाणी मांडा, नाहीतर आपल्या निष्ठेचा दाखला देत राहा. आमच्या मराठवाड्यात तर निजामी राजवटीतला रझाकारांचा जुलूम आणि सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतरचे दिवस, दोन्हींच्या जखमा वेगवेगळ्या घरांत जपलेल्या. अशा राज्यात अंतुल्यांनी सगळ्यांचा कारभार हाती घेतला आणि तो धडाक्याने केला.

कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव त्यांनीच दिलं. शिवाजी महाराजांची भवानी तलवार इंग्लंडहून आणण्याचा ध्यास घेतला. ही निष्ठेची परीक्षा देण्याची धडपड होती, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पटत नाही. रायगडाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला महाराज आपले वाटले, तर त्याला वेगळं कारण कशाला शोधायचं?

त्यांची खरी अडचण वेगळी होती. राजस्थानात बरकतुल्ला खान, बिहारात अब्दुल गफूर, आसामात अन्वरा तैमूर आणि इथे अंतुले, हे सगळे काँग्रेसचे मुख्यमंत्री. दिल्लीच्या मर्जीवर खुर्ची मिळाली, आणि तिच्याच मर्जीवर ती अवलंबून राहिली. साखर कारखाने, जिल्हा बँका, सोयरीक यांतून महाराष्ट्रात पुढाऱ्याचा पाया उभा राहतो. तो पाया अंतुल्यांकडे नव्हता. मग त्यांनी इंदिरा गांधींच्या नावाने प्रतिभा प्रतिष्ठान काढलं. सिमेंटच्या वाटपाचा संबंध त्या प्रतिष्ठानच्या देणग्यांशी होता, हे पत्रकार अरुण शौरींच्या लेखांनी १९८१ साली बाहेर आणलं. जानेवारी १९८२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांना पायउतार व्हावं लागलं. इथे मी त्यांची बाजू घेणार नाही. टंचाईच्या काळात परवाना आणि देणगी एकमेकांना बांधणं हा सत्तेचा गैरवापरच. तो त्यांच्या धर्माचा दोष नव्हता, आणि त्यांच्या धर्मामुळे तो माफही होत नाही.

पुढची वर्षं मला जास्त बोलकी वाटतात. कुलाब्याच्या हिंदूबहुल मतदारसंघाने त्यांना १९८९, १९९१, १९९६ आणि २००४ साली लोकसभेत पाठवलं. तिथे ते 'बॅरिस्टर' होते. १९९९ साली ते औरंगाबादेतून उभे राहिले, ज्या शहराला त्यांच्या सरकारने खंडपीठ दिलं तिथून, आणि शिवसेनेच्या चंद्रकांत खैरे यांच्याकडून हरले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून त्या शहराचं राजकारण धर्मावर दुभंगलं होतं. तिथे त्यांच्याकडे आधी मुसलमान म्हणून पाहिलं गेलं, असं मला वाटतं. २००६ साली केंद्रात अल्पसंख्याक व्यवहार खातं नवीन निघालं आणि ते या माणसाकडे आलं. अख्खं राज्य चालवलेल्या माणसाला उतारवयात आपल्या समाजापुरतं खातं मिळालं. २००८ साली मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दल त्यांनी जाहीर शंका घेतली. ती पुराव्याविना होती, घ्यायला नको होती. पण नंतर उठलेल्या गदारोळात प्रश्न त्यांच्या विधानापुरता राहिला नाही, त्यांच्या देशनिष्ठेपर्यंत गेला. २००९ साली ते रायगडमधून हरले, २ डिसेंबर २०१४ रोजी गेले.

आपल्या समाजापुरतंच काम मिळण्याचं हे चित्र आजही दिसतं. आमच्या भागातले मुसलमान कार्यकर्ते मी जवळून पाहतो. निवडणुकीत सतरंज्या उचलण्यापासून बूथ सांभाळण्यापर्यंत सगळं करतात आणि शेवटी त्यांच्या हाती पडतं अल्पसंख्याक आघाडीचं पद. सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : या मुलांना बाजार समितीत घ्या, पाणीपुरवठ्याचं, शाळांचं, रस्त्यांचं काम सोपवा. चुकले तर जाबही तसाच विचारा, जसा इतरांना विचारता.