कावळा, फांदी आणि हँडल

'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली' ही म्हण आपण बहुधा कावळ्याची बाजू घेण्यासाठी वापरतो. संस्कृत पंडितांनी याच गोष्टीला 'काकतालीय न्याय' असे भारदस्त नाव दिले आहे. एका गोष्टीनंतर दुसरी घडली, एवढ्यावरून पहिलीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या काही तासांतच शिकवतात. पण ती फांदी आधीच आतून पोखरलेली होती का, हे कोणी झाडावर चढून पाहिल्याचे ऐकिवात नाही. गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरी ते पाहण्याचा प्रसंग आला.

आमच्या शंभर सीसीच्या मोटारसायकलला दोन्ही टायर नवे घातले आणि दुसऱ्याच दिवशी हँडल थरथरू लागले. गाडी ताई चालवते. काकतीच्या पुढे एका शाळेत ती शिकवायला जाते, म्हणजे रोजचा रस्ता महामार्गाचा आणि शेजारून ट्रकांची रांग. "पन्नासच्या पुढं गेले की हँडल नाही म्हणतंय," असे तिने आल्या आल्या सांगितले. बाबा तसेच चप्पल अडकवून टायरवाल्या काकांकडे गेले. वीस वर्षांची त्यांची ओळख. एक मराठीत बोलणार, दुसरे कन्नडात उत्तर देणार आणि चहा एकाच किटलीतला. त्या दिवशी मात्र आवाज चढले. बाबांचे म्हणणे, काल नव्हते ते आज झाले, मधे टायरखेरीज काहीच बदललेले नाही. काकांचे उत्तर एकच: "टायर चलो ऐती!" बाबा चहा न घेता परतले. तसे पूर्वी कधी घडले नव्हते.

उद्यमबागेत माझे मामा टर्नर आहेत. त्यांच्याकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी पाना हातात घेण्याआधी मला बजावले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदललास तर कशानं बरं झालं ते देवालाही कळायचं नाही." परीक्षेत गुण मिळवून देणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेतही हा नियम इतका कडक पाळला जात नाही, हे जाता जाता नमूद करतो.

पहिला प्रश्न, थरथर इंजिनाची की चाकाची? मोकळ्या सर्व्हिस रोडवर साठाला नेऊन क्लच दाबला आणि गाडी नुसती घरंगळू दिली. वेग पंचावन्नवर उतरताच थरथर सुरू झाली, बावन्नच्या आसपास सर्वांत जास्त आणि चाळीसला नाहीशी. इंजिन सुटले असूनही ती होती, म्हणजे इंजिन निर्दोष. नाहीतरी इंजिनाच्या कंपनाने तळहाताला मुंग्या येतात. हे हलणे डोळ्यांना दिसत होते. आमच्या टायरचा घेर सुमारे 1.94 मीटर. ताशी 52 किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला साडेसात फेरे घेते, आणि हँडलही साधारण त्याच तालात डुलत होते. मागच्या चाकाचा दोष सहसा सीटखाली जाणवतो. हा हातात जाणवत होता. तेव्हा पुढचे चाक.

हवा तपासली तर पुढे चाळीस पौंड! टायर बसवताना भरलेली, पंचवीसवर आणायची राहिलेली. ती उतरवली, फरक नावापुरता. मग गाडी मधल्या स्टँडवर चढवून मामांनी मला मागच्या टोकाला बसवले, पुढचे चाक अधांतरी केले आणि फोर्कला पेन्सिल बांधून चाक फिरवले. रिम सरळ होती, पण टायर एका जागी जवळजवळ तीन मिलिमीटर दबलेला. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. आमची वॉल्व्हपाशी रिमच्या आत गडप झाली होती. हवा सोडली, कडेला साबणाचे पाणी लावले, पुन्हा दाबून हवा भरली, तेव्हा फट्‌ आवाज होऊन कड जागेवर बसली. हवा पंचवीसवर आणून गाडी पुन्हा पळवली. थरथर निम्मी झाली, पण गेली नाही.

बाबांना एवढा पुरावा पुरेसा होता. त्याच संध्याकाळी दुकानावर जायची त्यांची तयारी. मामांनी त्यांना अडवले.

मग चाकाचा तोल. मीटरची केबल काढून, ब्रेक सैल करून चाक मोकळे सोडले की जड बाजू आपोआप खाली येते. समोरच्या आऱ्यांना सोल्डरची तार गुंडाळत गेलो. तीस ग्रॅमला चाक कुठेही थांबू लागले. तीस ग्रॅम म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण पन्नासच्या वेगाला रिमजवळचे ते वजन दीड किलोच्या जोराने चाकाला ओढते आणि ऐंशीला जवळजवळ चार किलोच्या. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. थरथर आणखी कमी झाली. तरीही पकड सैल केली की हँडल किंचित डोलेच.

शेवटी मामांनी अधांतरी चाकाच्या फोर्कची खालची टोके धरून मागे-पुढे ओढली. टक्‌! हँडल हळूहळू फिरवले तर बरोबर मधोमध अडकल्यासारखे होई. कोनसेट उघडला: ग्रीस सुकलेले आणि वाटीत गोळ्यांनी पाडलेले खड्डे, बोटाला लागतील इतके. हे काही एका रात्रीत झालेले नव्हते. जुना टायर नीट बसलेला होता, त्यामुळे ढिल्या सांध्याला झोका देणारे कोणी नव्हते. प्रत्येक झोपाळ्याचा एक ताल असतो. बावन्नच्या वेगाला वाकडा टायर नेमका त्या तालात धक्के देत होता. वेग बदलला की ताल चुके आणि थरथर थांबे.

नवा कोनसेट घातला आणि गाडी स्थिर झाली. माझे समाधान होईना, म्हणून आऱ्यांवरची तार काढून तोल पुन्हा बिघडवला आणि त्याच रस्त्यावर गेलो. हँडल जवळजवळ शांत! धक्का होता, पण डुलायला सैल सांधा उरला नव्हता. तार पुन्हा गुंडाळली, कारण त्या रस्त्याने ताई जाते.

मामांनी जुन्या वाट्या पुसून वर्तमानपत्रात बांधल्या आणि पुडके बाबांच्या हातात दिले. "टायर वाकडा बसलेला, ते त्यांचं. हे आपलं," एवढेच ते म्हणाले. बाबांनी खड्ड्यांवरून दोनदा बोट फिरवले, पुडके खिशात टाकले आणि चालत बाहेर पडले. रात्री साडेनऊला परतले तेव्हा आईने जेवायला वाढू का विचारले. "थांब जरा," बाबा म्हणाले, "दोन वेळा चहा झालाय."